कोड ‘प्रॉड’ला जातो तेव्हा

प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर चालणारा कोड आणि लाखो लोक रोज वापरतात त्या यंत्रणेत चालणारा कोड, यांच्यामध्ये बराच लांबचा रस्ता असतो. या रस्त्याच्या शेवटच्या मुक्कामाला सॉफ्टवेअर उद्योगात ‘प्रॉडक्शन’ म्हणतात. ऑफिसातल्या बोलण्यात त्याचे ‘प्रॉड’ होते. कोड प्रॉडला गेला, की त्याच्यावर खऱ्या माणसांचे पैसे, तिकिटे आणि नोंदी अवलंबून राहू लागतात. कोड लिहिणे हा या प्रवासातला एक टप्पा आहे, आणि पुष्कळदा तो सर्वांत लहान असतो. आधी काय लिहायचे ते ठरवावे लागते. लिहून झाल्यावर ते दुसऱ्याने वाचायचे, यंत्राने तपासायचे, चालत्या यंत्रणेत ती न थांबवता बसवायचे आणि बसवल्यावर त्यावर नजर ठेवायची. गेल्या पन्नास वर्षांत या रस्त्याची पुन्हा पुन्हा फेरआखणी झाली आहे.

एक लहान उदाहरण सोबत ठेवले तर हा रस्ता समजायला सोपा जातो. ९ मार्च २०२३च्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात महिलांना एसटीच्या प्रवासभाड्यात निम्मी सवलत जाहीर झाली आणि १७ मार्चपासून ती लागू झाली. मध्ये आठ दिवस. एसटीच्या यंत्रणेत हा बदल आतून कसा झाला, हा इथला विषय नाही. पण नेमका असा बदल एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीकडे आला, तर तो कोणत्या हातांतून जाईल, हे त्यावरून पाहता येते.

‘महिलांना निम्मे भाडे’ हे वाक्य माणसाला पुरते, संगणकाला पुरत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलींना आधीच अर्धे तिकीट आहे. त्याचेही निम्मे करायचे का? पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींचा प्रवास आधीच मोफत आहे. दोन सवलती लागू होत असतील तर कोणती आधी पाहायची? पुण्याहून पणजीला जाणाऱ्या गाडीत सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच धरायची असेल, तर एकाच तिकिटाचे दोन हिशेब होतात. भाडे विषम रुपयांत असेल तर उरलेल्या पन्नास पैशांचे काय? आणि १७ तारखेच्या गाडीचे तिकीट कुणी ५ तारखेलाच पूर्ण भाडे भरून काढले असेल, तर फरक परत द्यायचा का? यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे प्रोग्रामरकडे नसतात. ती धोरण ठरवणाऱ्यांकडे असतात. नियोजनाच्या टप्प्यावरचे खरे काम म्हणजे हे प्रश्न वेळेत बाहेर काढणे. ‘बिझनेस ॲनालिस्ट’ किंवा ‘प्रॉडक्ट ओनर’ या नावाने वावरणारी माणसे ते करतात. उत्तरे मिळाली की कामाचे लहान तुकडे पाडून प्रत्येकाची नोंद केली जाते, आणि काय काय झाले म्हणजे ते काम पूर्ण झाले असे मानायचे, याच्या अटी तिथेच लिहिल्या जातात. योगायोगाने अशा नोंदीलाही या धंद्यात ‘तिकीट’च म्हणतात. ‘जिरा’सारख्या साधनांमध्ये अशा तिकिटांची रांग लागलेली असते. ती रांग म्हणजे बॅकलॉग.

पूर्वी नियोजनाची कल्पना वेगळी होती. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग पूर्ण आराखडा, मग कोड, मग चाचणी आणि शेवटी एकदाच हस्तांतरण. एका पायरीवरून पाणी खालच्या पायरीवर पडावे तशी ही रचना. म्हणून तिला ‘वॉटरफॉल’ असे नाव पडले. विन्स्टन रॉयस या अमेरिकी अभियंत्याने १९७०च्या एका निबंधात या पायऱ्यांची आकृती काढली, आणि ही पद्धत जशीच्या तशी वापरणे धोक्याचे आहे असेही त्याच निबंधात सांगितले. जगाने आकृती उचलली आणि इशारा सोडून दिला. अर्थात त्या काळी हा क्रम अगदीच वेडगळ नव्हता. सॉफ्टवेअर डिस्कवर भरून, खोक्यात घालून विकले जाई. विकलेल्या खोक्यात मागाहून दुरुस्ती करणे जवळपास अशक्य होते. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१मध्ये बाजारात आली आणि तिच्या पुढची व्हिस्टा सामान्य ग्राहकांच्या हातात पडायला जानेवारी २००७ उजाडले. इतक्या वर्षांनी एकदा माल बाहेर जाणार असेल, तर सगळे आधी ठरवून ठेवण्याकडे कल असणारच.

इंटरनेटने ही अडचण काढून टाकली. सॉफ्टवेअर कंपनीच्याच सर्व्हरवर राहू लागले; दुरुस्ती करायला ग्राहकाच्या घरी डिस्क पाठवायची गरज उरली नाही. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड या बर्फातल्या पर्यटनस्थळी सतरा जण जमले आणि त्यांनी ‘अजाइल’ नावाचा छोटासा जाहीरनामा लिहिला. कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, आणि ठरलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे, अशा चार पसंती त्यात मांडल्या होत्या. या घराण्यातली ‘स्क्रम’ ही पद्धत आज सर्वांत जास्त दिसते. हा शब्द रग्बीतला आहे. साधारण दोन आठवड्यांचा एक ‘स्प्रिंट’ ठरतो, त्यात पुऱ्या होतील तेवढीच तिकिटे रांगेतून उचलली जातात आणि रोज सकाळी पंधरा मिनिटांची ‘स्टँड-अप’ बैठक होते. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले आहे, एवढेच तिथे बोलायचे असते. पुष्कळ कंपन्यांत ही बैठक पाऊण तास चालते, सगळे बसलेले असतात आणि प्रत्येक जण साहेबाला हिशेब देत असतो. अजाइलचे विधी पाळणे सोपे आहे. दोन आठवड्यांनी खरोखर चालणारी वस्तू दाखवणे अवघड आहे.

तिकीट उचलले की प्रोग्रामर कोड लिहायला बसतो, पण एकटा नाही. त्याच कोडवर त्याच वेळी आणखी पन्नास जण काम करत असतात. दिवाळी अंकातल्या एकाच लेखाच्या पाच प्रती पाच जणांनी घरी नेल्या, प्रत्येकाने आपापल्या प्रतीवर दुरुस्त्या केल्या आणि अंक छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या प्रती संपादकाच्या टेबलावर आल्या, तर जो गोंधळ होईल तोच इथे रोज होऊ शकतो. त्यावरचा उपाय म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था. आज ‘गिट’ हीच जवळपास सर्वत्र वापरली जाते. लिनक्स घडवणाऱ्या मंडळींना तोवर वापरत असलेले ‘बिटकीपर’ हे साधन फुकट मिळेनासे झाले, तेव्हा एप्रिल २००५मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचे काम थांबवून गिट लिहायला घेतले. काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला.

गिटमध्ये प्रोग्रामर मुख्य कोडपासून एक फांदी, म्हणजे ‘ब्रँच’, काढतो आणि तिच्यावर काम करतो. प्रत्येक टप्प्यावर तो ‘कमिट’ करतो, म्हणजे कुणी, केव्हा, काय आणि कशासाठी बदलले याची कायमची नोंद करतो. काम झाले की फांदी मुख्य खोडात मिसळतात, ‘मर्ज’ करतात. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर गिट निवाडा करत नाही. ‘कॉन्फ्लिक्ट’ आहे असे सांगून थांबते. फांदी जितके दिवस वेगळी राहील, तितका हा गुंता वाढतो. तीन महिने एकट्याने वाढवलेली फांदी मिसळताना संघाचे तीन आठवडे खर्ची पडल्याच्या गोष्टी या धंद्यात कुणाकडूनही ऐकायला मिळतात. म्हणून आता बहुतेक ठिकाणी फांदी एक-दोन दिवसांत मिसळून टाकण्यावर भर असतो.

मिसळण्यापूर्वी दुसऱ्याने तो कोड वाचायचा असतो. आयबीएममधल्या मायकेल फॅगनने १९७६मध्ये कोड तपासण्याची एक रीतसर पद्धत मांडली होती. त्यात ठरलेल्या भूमिका, आधीचा अभ्यास आणि खोलीत बसून ओळीनुसार वाचन होते. आज त्याची जागा ‘पुल रिक्वेस्ट’ने घेतली आहे. लिहिणारा बदल मांडतो, सहकारी पडद्यावरच बाजूला शेरे लिहितो आणि संमती मिळाली की बदल आत जातो. इथे एक गंमत दिसते. वीस ओळींचा बदल असेल तर बारा शेरे येतात. दोन हजार ओळींचा असेल तर ‘ठीक दिसतंय’ एवढाच एक. वाचणाऱ्याचा धीर सुटतो. अर्ध्या तिकिटाच्या उदाहरणात वयाची अट, हद्दीचा हिशेब आणि परताव्याचा नियम हे तीन बदल वेगवेगळे मांडले, तर तिन्ही नीट वाचले जाण्याची शक्यता असते. चुका पकडणे हा पुनरावलोकनाचा एक उपयोग झाला. दुसरा तितकाच मोलाचा आहे: तो कोड निदान दोन माणसांना कळलेला असतो, आणि त्यातला एक जण नोकरी सोडून गेला तरी काम अडत नाही.

माणसाच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते पकडण्यासाठी चाचण्या असतात, आणि त्याही कोडमध्येच लिहिलेल्या असतात. भाडे काढणाऱ्या फंक्शनला चाळीस वर्षांची महिला आणि शंभर रुपये भाडे दिले तर उत्तर पन्नास आले पाहिजे. शहात्तर वर्षांची दिली तर शून्य. दहा वर्षांची मुलगी दिली तर पन्नास, पंचवीस नव्हे. एका लहान तुकड्याच्या अशा ‘युनिट टेस्ट’ काही सेकंदांत शेकड्यांनी चालतात. त्यांच्यावर तुकडे एकमेकांशी नीट बोलतात का हे पाहणाऱ्या थोड्या चाचण्या, आणि सर्वांत वर, प्रवासी जसा आरक्षण करेल तसा पूर्ण व्यवहार करून पाहणाऱ्या अगदी मोजक्या, अशी उतरंड रचतात. वरच्या चाचण्या हळू चालतात आणि लहरी असतात. काही बदल न करताही आज पास, उद्या नापास. अशा लहरी चाचण्यांकडे दुर्लक्ष करण्याची संघाला एकदा सवय लागली, की खरी धोक्याची घंटाही कुणी ऐकत नाही.

हे सगळे हाताने करायचे म्हटले तर ते होणार नाही. म्हणून प्रत्येक बदल मुख्य कोडला जोडताच एक यंत्रणा आपोआप जागी होते, पूर्ण कोड नव्याने बांधते, सगळ्या चाचण्या चालवते आणि निकाल सांगते. या सवयीला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात आणि बोलताना ‘सीआय’. १९९०च्या दशकाच्या अखेरीस केंट बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’ या पद्धतीतून तिचा जोरात पुरस्कार केला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत काम करणाऱ्या कोहसुके कावागुची या जपानी अभियंत्याने ‘हडसन’ नावाचे साधन लिहिले. पुढे ‘सन’ विकत घेणाऱ्या ओरॅकलशी नावावरून वाद झाल्यावर २०११मध्ये त्याचे ‘जेन्किन्स’ झाले, आणि आजही असंख्य कंपन्यांत ही यंत्रणा त्याच्याच आधाराने चालते. चाचणी नापास झाली की पडद्यावर लाल दिसते. ‘बिल्ड तुटला’ हे शब्द कानावर पडले की चांगल्या संघात हातातले काम बाजूला ठेवून आधी तो दुरुस्त करतात.

बांधलेला कोड एकेका आवारातून पुढे सरकतो. ‘डेव्ह’ हे प्रोग्रामरचे आवार, ‘क्यूए’ तपासनिसांचे. ‘यूएटी’मध्ये ग्राहकाची माणसे स्वतः वापरून पाहतात. ‘स्टेजिंग’ शक्य तितके प्रॉडसारखे असते. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य या उद्योगातले सर्वांत जुने भांडण आहे, आणि त्याचे कारण बहुतेकदा या आवारांमधला फरक असतो: एका ठिकाणी जावाची एक आवृत्ती, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. मार्च २०१३मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे साहित्य एकाच बंद डब्यात भरून तोच डबा प्रत्येक आवारात न्यायची सोय केली. असे हजारो डबे सांभाळणारे ‘कुबरनेटिस’ गुगलने २०१४मध्ये सर्वांसाठी खुले केले. भांडण संपले नाही, पण बरेच कमी झाले.

आता कोड प्रॉडच्या दाराशी आला. इथे बरीच वर्षे एक भिंत होती. कोड लिहिणाऱ्यांचे काम बदल करणे, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे काम यंत्रणा बंद पडू न देणे. साहजिकच एका बाजूला रोज काही नवे हवे असे, दुसऱ्या बाजूला काहीच हलू नये असे वाटे. तडजोड म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा, वापर कमी असेल अशा रात्री मोठे रिलीज होई. पुण्या-मुंबईतल्या संघांना ही रात्र चांगली परिचयाची आहे, फक्त ती रात्र त्यांची नसते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला शनिवारचे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा हिंजवडीत रविवारचे सकाळचे साडेआठ झालेले असतात. अमेरिकी दुकानदारीच्या हंगामात, थँक्सगिव्हिंगपासून नाताळापर्यंत, ग्राहक कंपन्या ‘कोड फ्रीझ’ लावतात आणि प्रॉडला हात लावू देत नाहीत. दिवाळीत तसा फ्रीझ असतोच असे नाही.

जून २००९मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी, आमच्याकडे दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा कोड प्रॉडला जातो, असे सांगितले. ऐकणाऱ्यांतल्या अनेकांना हा निव्वळ बेदरकारपणा वाटला असेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डेबॉइसने बेल्जियममधल्या गेंट शहरात दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र बोलावले, आणि ‘डेव्हलपमेंट’ व ‘ऑपरेशन्स’ या शब्दांची संधी होऊन ‘डेव्हऑप्स’ हा शब्द रूढ झाला. दोन वर्षांनी ॲमेझॉनने आपला आकडा सांगितला: कामाच्या दिवशी सरासरी ११.६ सेकंदांना एक डिप्लॉयमेंट, म्हणजे एकदा कोड प्रॉडला जाणे.

हे ऐकून वाटते की घाई वाढली म्हणजे चुका वाढल्या असतील. पण हिशेब उलटा लागतो. तीन महिन्यांचे दोनशे बदल एका रात्री आत गेले आणि पहाटे यंत्रणा कोसळली, तर संशयित दोनशे असतात आणि ते एकमेकांत गुंतलेले असतात. तासापूर्वी एकच बदल गेला असेल तर संशयित एकच असतो, तो लिहिणाऱ्याच्या डोक्यात ताजा असतो आणि मागे घेणेही सोपे असते. बदल जितका लहान, तितका तो वाचायला, तपासायला आणि उलटवायला स्वस्त. अजाइल, लवकर मिसळल्या जाणाऱ्या फांद्या, सीआय, दिवसाला दहा डिप्लॉयमेंट ही सगळी वरवर वेगळी दिसणारी प्रकरणे याच एका गोष्टीच्या मागे धावलेली आहेत.

बदल आत सोडण्याच्याही रीती आहेत. एका रीतीत दोन सारखे संच ठेवतात, निळा आणि हिरवा. निळ्यावर लोक असताना हिरव्यावर नवा कोड बसवतात आणि मग वाहतूक तिकडे वळवतात. बिघडले तर पुन्हा निळ्याकडे. दुसऱ्या रीतीचे नाव ‘कॅनरी’. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत असत. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६पर्यंत टिकून होती. त्याच धर्तीवर नवा कोड आधी शेकडा एका वापरकर्त्याला दाखवतात, चुकांचे प्रमाण पाहतात आणि मग तो पाच, पंचवीस, शंभरापर्यंत नेतात. तिसरी रीत ‘फीचर फ्लॅग’ची. कोड प्रॉडमध्ये बसवायचा, पण बंद ठेवायचा. विजेच्या बटनासारखा तो केव्हा चालू करायचा ते वेगळे ठरवायचे. अर्ध्या तिकिटाला ही रीत अगदी चपखल बसते. कोड १४ तारखेलाच आत जातो, दोन दिवस कुणाला न दिसता पडून राहतो आणि १६ची मध्यरात्र उलटली की फ्लॅग चालू होतो. त्या घडीला कुणालाही घाईघाईत काही बसवावे लागत नाही.

डेटाबेस मात्र या सगळ्या सोयींना दाद देत नाही. कोड मागे घेता येतो. चुकीच्या रकान्यात गेलेल्या दहा लाख नोंदी मागे घेता येत नाहीत. म्हणून तिथे बदल हप्त्याहप्त्याने करतात. आधी नवा रकाना जोडायचा, काही काळ जुन्या-नव्या दोन्हींत लिहायचे, मागच्या नोंदी नव्यात भरायच्या, वाचन नव्यातून सुरू करायचे आणि सगळे स्थिरस्थावर झाल्यावरच जुना रकाना काढायचा. चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखे हे काम कंटाळवाणे आहे, आणि ते तसेच राहू द्यावे.

या रस्त्यावर एखादी पायरी सुटली तर काय होते, याचे एक फार महागडे उदाहरण १ ऑगस्ट २०१२चे आहे. नाइट कॅपिटल ही अमेरिकी शेअर बाजारातली मोठी दलाली कंपनी. न्यूयॉर्क शेअर बाजार त्या दिवशी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना सुरू करणार होता आणि कंपनीला आपले सॉफ्टवेअर त्यासाठी तयार ठेवायचे होते. ऑर्डर बाजारात पाठवणारी यंत्रणा आठ सर्व्हरवर चालत असे. तंत्रज्ञाने नवा कोड सात सर्व्हरवर चढवला. आठवा राहून गेला. दुसऱ्या कुणी ते तपासावे असा लेखी नियम नव्हता.

एवढ्यावर भागले असते. पण त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड होता, २००३पासून न वापरलेला आणि कधीच न काढलेला. २००५मध्ये किती शेअरांची ऑर्डर पुरी झाली हे मोजणारा भाग दुसरीकडे हलवला गेला, आणि त्यानंतर पॉवर पेग पुन्हा कुणी तपासला नव्हता. त्यात भर म्हणजे नव्या कोडने जो फ्लॅग वापरायला घेतला, तो पूर्वी पॉवर पेग चालू करणारा होता. सकाळी साडेनऊला बाजार उघडला. सात सर्व्हरवर त्या फ्लॅगने नवे काम सुरू केले. आठव्यावर नऊ वर्षे झोपलेला कोड उठला आणि ऑर्डर पुरी झाल्याचे त्याला कधी कळेचना, म्हणून तो पाठवतच राहिला. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने ‘पॉवर पेग’चे नाव असलेले ९७ आपोआप ईमेल कर्मचाऱ्यांना धाडले होते. ते धोक्याची सूचना म्हणून कुणी पाहायचे असे ठरलेच नव्हते. गडबड दिसल्यावर संघाने उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला, आणि आता आठही सर्व्हर पॉवर पेग चालवू लागले. ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांत चाळीस लाखांवर व्यवहार झाले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. ऑक्टोबर २०१३मध्ये अमेरिकी बाजार नियामकाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. तोवर कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली होती.

दुसरे उदाहरण भारतानेही अनुभवले. १९ जुलै २०२४ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. सॉफ्टवेअर वीस मूल्ये पुरवत होते, नव्या फाइलने एकविसावे मागितले. नसलेल्या जागेतून वाचायला गेलेला प्रोग्राम कोसळला आणि सोबत अख्खा संगणक घेऊन बसला. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते, आणि पुष्कळसे माणसाने एकेकाजवळ जाऊन उठवावे लागले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीत कोडच्या नव्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने सोडल्या जात. ही फाइल मात्र कोड नसून ‘माहिती’ मानली जाई, म्हणून ती एकदम सर्वांकडे गेली. प्रॉडला जाणारी कुठलीही गोष्ट, मग तिला काहीही म्हणा, कोडइतकीच धोक्याची असते, हे त्या फाइलने दाखवले.

डिप्लॉयमेंट झाले म्हणजे काम संपले, असे म्हणूनच कुणी मानत नाही. चुकांचे प्रमाण, उत्तर द्यायला लागणारा वेळ, सर्व्हरवरचा ताण यांचे आलेख सतत चालू असतात आणि रेषा ठरल्यापेक्षा वर गेली की ‘ऑन-कॉल’ असलेल्या माणसाचा फोन वाजतो. गुगलमध्ये २००३पासून बेन ट्रेनर स्लॉस यांच्या हाताखाली या कामाचे वेगळे शास्त्रच तयार झाले. त्यातली ‘एरर बजेट’ ही कल्पना फार हुशारीची आहे. यंत्रणा ९९.९ टक्के वेळ चालू राहील असे वचन असेल, तर तीस दिवसांत ४३ मिनिटे बंद पडण्याची मुभा उरते. ती मिनिटे म्हणजे खर्चायचे पैसे. शिल्लक आहेत तोवर नवे बदल सोडा. संपली की थांबा आणि यंत्रणा पक्की करा. बदल हवेत की स्थैर्य, या जुन्या भांडणाला यामुळे एक आकडा मिळाला.

बिघाड निस्तरल्यावर ‘पोस्टमॉर्टेम’ लिहितात, आणि त्यात दोषी शोधायचा नसतो. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीतल्या अभियंत्याने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसणारी आज्ञा दिली. बॅकअपचे पाच मार्ग ठरलेले होते, पण वेळेला त्यांतला एकही नीट उपयोगी पडला नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावले. कंपनीने हा सगळा तपशील लगेच जाहीर केला आणि दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले. चूक एकाच्या बोटांची होती, पण बॅकअप तपासले जात नव्हते हा दोष व्यवस्थेचा होता, आणि बोटांना शिक्षा करून तो सापडला नसता.

एखाद्या कंपनीची डिलिव्हरी चांगली आहे की नाही, हे मोजायला आता चार आकडे रूढ झाले आहेत: कोड किती वेळा प्रॉडला जातो, लिहिल्यापासून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, किती बदलांनी बिघाड होतो आणि बिघडलेले किती वेळात सावरते. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या २०१८मधल्या ‘अ‍ॅक्सिलरेट’ या पुस्तकाने ते लोकप्रिय केले. जे संघ वेगवान असतात तेच बहुधा स्थिरही असतात, असा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. अर्थात हे आकडे पगारवाढीला जोडले, की एका बदलाचे पाच तुकडे करून डिप्लॉयमेंटची संख्या वाढवणारे हुशार लोक कुठेही निघतात.

अर्ध्या तिकिटाच्या उदाहरणात १७ तारीख सुरळीत पार पडली असे धरले, तरी एक काम शिल्लक असते. सवलत आता कायमची आहे; ती बंद करणारा फ्लॅग आणि जुन्या भाड्याचा हिशेब यांचा काही उपयोग उरलेला नाही. ते काढून टाकण्याचे एक तिकीट बॅकलॉगमध्ये तयार असते. दर स्प्रिंटच्या बैठकीत ते वाचले जाते, महत्त्वाचे आहे असे सर्वांचे मत पडते, आणि नव्या मागण्या पुढे आल्या की ते पुढच्या स्प्रिंटला ढकलले जाते.